उन्हात न दिसणारा जाळ

इंजिन माळ्यावर ठेवण्याआधी एकदाच, अगदी एकदाच, ते पेटतंय का ते बघावं असं ड्रायव्हरसाहेबांच्या मनात आलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. माणसाच्या मनात काय, काहीही येतं. आलेलं मनातच बसवून ठेवता आलं पाहिजे. पण ती विद्या साहेबांना आली असती तर ही गोष्ट सांगायला मी कशाला बसलो असतो?

आधी हे सांगून टाकतो की साहेब खऱ्या आगगाडीचे ड्रायव्हर नव्हेत. ते विमा कंपनीत नोकरीला. खातं आगीचं. लोकांची घरं, दुकानं, गोदामं कशी पेटली आणि त्यात चूक त्या लोकांचीच कशी होती, हे दिवसभर शोधून काढायचं. (ते सापडतंच. त्या कामात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कुणी नाही.) संध्याकाळी घरी आले की बूट काढायच्या आधी इंजिनापाशी जायचे. हिरव्या रंगाचं, पितळी चिमणीचं, कोपरापासून बोटांपर्यंत लांबीचं वाफेचं इंजिन. त्याला कुणी खेळणं म्हटलं की साहेबांचा पारा चढायचा. "हे चावीवर चालत नाही, सेलवर चालत नाही. ह्याच्या पोटात खरं पाणी, खाली स्पिरिटचा खरा जाळ, आणि त्या वाफेवर चाकं फिरतात!" असं ते इतक्या तावात सांगायचे की समोरच्याला वाटावं, ह्यांच्याच कानातून आता वाफ निघणार. इमारतीतल्यांनी त्यांना ड्रायव्हरसाहेब हे नाव ठेवलं ते त्यावरून. ती थट्टा होती हे सगळ्यांना माहीत होतं, एक साहेब सोडून.

घरात माणसं तीन. साहेब, त्यांची बायको आणि त्यांचे वडील. बायको इस्पितळात नर्स. दिवसभर माणसांना "हलू नका, काही होत नाही" असं सांगून सांगून घरीही तोच सूर लागलेला. वडील कमी बोलणारे. भिंतीजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे आणि पेपराच्या वरून जगाकडे बघायचे.

आता ह्या घराचं. घर भाड्याचं, करार संपत आलेला, आणि तो पुढे वाढवायचा की नाही हे ठरवायला मालकीणबाई त्या दुपारी येणार होत्या. साहेबांच्या बायकोचा जीव नुसता टांगणीला लागला होता. लग्न झाल्यापासून तिने इतकी घरं बदलली होती की काही खोकी तिने एका घरात बांधली ती पुढची दोन घरं उघडलीच नव्हती. हे घर मात्र तिला लाभलं होतं. इस्पितळ चालत जाण्याजोगं, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, आणि सासऱ्यांच्या खुर्चीवर सकाळी हवं तेवढं ऊन. "मी पुन्हा सामान बांधणार नाही," तिने सकाळीच बजावलं होतं. "ह्या वेळी घर गेलं तर खोक्यात तुम्हाला बांधीन."

मालकीणबाईंच्या अटी दोनच होत्या. स्वयंपाकघर सोडून घरात कुठेही जाळ नको. आणि भिंतीला एकही खिळा नको. भिंतींवर त्यांचा भारी जीव. बाईंच्या सख्ख्या भावाने, तो बांधकामाची कंत्राटं घ्यायचा, त्या बांधल्या होत्या. बाई यायच्या तेव्हा माणसांशी बोलायच्या आधी भिंतींवर बोटांनी टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "भरीव! तोफ लावली तरी हलणार नाही."

खिळ्याची अट साहेबांनी तंतोतंत पाळली. त्यांनी खिळा मारला नाही. त्यांनी बोगदा पाडला.

त्याचं असं झालं की इंजिनाला नुसतं मागेपुढे करायचा कंटाळा येतो (हे साहेबांचं म्हणणं, इंजिनाला कुणी विचारलं नव्हतं). त्याला गोल फिरायला रूळ हवा. मग मागच्या खोलीतून बोगद्यातून बाहेरच्या खोलीत, सोफ्याखालून वळून वडिलांच्या खुर्चीखालून, बाजूच्याच दारातून पॅसेजमध्ये, आणि पॅसेजमधून परत मागच्या खोलीत, असा फेरा त्यांनी आखला. रूळ भिंतीच्या कडेकडेने चिकटवले आणि फरशीच्याच रंगाने रंगवले. बोगदा पाडायला फारसा वेळ लागला नाही. छिन्नी लावली की भिंत भसाभस सुटत होती, आणि साहेबांना वाटत होतं की आपल्या मनगटात काय जोर आहे! बायको ड्यूटीवरून आली, तिने भिंतीतली ती कमान बघितली, आणि ती ओरडली नाही. तिने एकटीने सोफा ओढला आणि त्या भोकापुढे लावला. त्या शांतपणाची साहेबांना अजून धास्ती आहे.

इंजिन पहिल्यांदा पेटवलं तो रविवारही ध्यानात राहावा असाच. भर दुपार, खिडकीतून लख्ख ऊन. साहेबांनी वातीला काडी लावली आणि सगळ्यांना गोल बसवलं.

"पेटलं का?" बायकोने विचारलं.

"पेटलंय की. स्पिरिटचा जाळ उन्हात दिसत नाही. पुस्तकात दिलंय."

मग सगळे त्या न दिसणाऱ्या जाळाकडे बघत बसले. चहा निवला. साहेब मधूनमधून "आता वाफ धरेल" म्हणत होते. शेवटी वडील उठले, वाकले, आणि त्यांनी सरळ त्या जाळात बोट घातलं.

"गार आहे," ते म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

वाती इतक्या घट्ट कोंबल्या होत्या की स्पिरिट वर चढलंच नव्हतं. बायको हसली नाही, पण चहाचे कप उचलताना तिचे खांदे हलत होते. नंतर वाती सैल केल्या, इंजिन चालू लागलं, चांगलं पळू लागलं (रात्री दिवे घालवून पेटवायचं, म्हणजे निळा जाळ डोळ्यांना दिसतो), पण तो अपमान साहेब विसरले नाहीत. त्यांनी तेव्हापासून एक नियम केला. जे दिसत नाही ते नाही. पुस्तकात काही लिहिलेलं असो.

आणि आज नेमकी दुपार होती.

"इंजिन माळ्यावर ठेवा हं, आठवणीने," असं सांगून बायको कपडे बदलायला गेली. साहेबांनी वडिलांनाही ताकीद दिली, "बाबा, त्या बाईंसमोर इंजिनाचा एक शब्द काढायचा नाही. काहीही झालं तरी." वडिलांनी पेपराआडून मान हलवली. मग साहेब मागच्या खोलीत गेले, इंजिन उचललं, आणि त्यांना आठवलं की काल वाती नव्या घातल्यात. माळ्यावर गेलं की किती दिवस तिथे राहील कोण जाणे. एकदा बघायला काय हरकत आहे?

पाणी होतंच. स्पिरिट ओतलं. चाकांना वाफ सोडणारी चावी मोकळी फिरते का बघायला ती उघडली. काडी ओढून वातीला लावली. काडी जळून संपली. साहेबांनी वाकून बघितलं. खिडकीतून ऊन थेट इंजिनावर पडलेलं, आणि जाळाचा मागमूस नाही. दुसरी काडी लावली. तेच. "पुन्हा घट्ट झाल्या वाटतं वाती," साहेब मनाशी चुकचुकले. बोट लावून बघणारच होते, तेवढ्यात बेल वाजली. मालकीणबाई वेळेच्या आधी आल्या होत्या.

माळ्यावर चढायला शिडी लागते आणि शिडी होती पॅसेजमध्ये, दारातून सरळ दिसेल अशी. साहेबांनी क्षणभर विचार केला. पेटलंच नाहीये तर भ्यायचं कशाला? त्यांनी इंजिन रुळावर ठेवून दिलं आणि हात पुसत बाहेर आले. वाफेची चावी उघडीच राहिली.

"ठेवलंत ना?" दार उघडायला जाता जाता बायकोने विचारलं.

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे काय?" पण दार उघडून झालं होतं, आणि तिचा चेहरा आपोआप हसरा झाला. "या काकू, या! वाटच बघत होतो."

मालकीणबाई आत आल्या. त्यांनी आधी दाराजवळच्या भिंतीवर टकटक केलं. "भरीव," त्या समाधानाने म्हणाल्या. मग चपला काढल्या आणि सोफ्यावर, बरोब्बर मधोमध, टेकल्या. दमल्या होत्या, त्यामुळे त्यांनी पाय मागे सोफ्याखाली ओढून घेतले.

बोलणं छान सुरू झालं. घर किती स्वच्छ ठेवलंय, स्वयंपाकघराची खिडकी किती उजेडाची, असं चाललेलं. साहेब समोरच्या स्टुलावर बसले होते, आणि सगळं इतकं सुरळीत चाललंय ह्याचं त्यांना मनातून कौतुक वाटत होतं. तेवढ्यात कुठूनतरी आवाज आला. फुस्स. मग बारीक, भराभर, फुक फुक फुक फुक.

"हा कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"फ्रिज," साहेब म्हणाले.

"शेजारचं शिवणयंत्र," त्याच क्षणी बायको म्हणाली.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "नक्की काय?"

"फ्रिज शेजारच्यांचा आहे," साहेब म्हणाले, आणि आपण हे का बोललो ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की तो फ्रिज असावा. बायकोला खरंच वाटत होतं की शिवणयंत्र असावं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि तरी दोघांचेही चेहरे चोरासारखे झाले होते.

आवाज थांबला. बोलणं पुन्हा कराराकडे वळणार, एवढ्यात बाई दचकल्या.

"अगं बाई! मला काहीतरी होतंय."

"काय होतंय काकू?"

"पोटरीपाशी एकदम गरम झालं. वाफारा घेतल्यासारखं. आणि गेलं."

बायकोतली नर्स लगेच जागी झाली. ती बाईंच्या शेजारी बसली, मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे बघू लागली. "नाडी तर व्यवस्थित आहे. असं आधी कधी व्हायचं का?"

"कधीच नाही हो. तुमच्याच घरात… आलं! पुन्हा आलं! गेलं."

"हलू नका, काही होत नाही. आवाज आधी होतो की गरम आधी होतं?"

"आवाज आधी. अहो, पण माझ्या पायांतून आवाज कसा येईल?"

"तसंही होतं कधीकधी," बायको धीर देत म्हणाली. (तसं कधीच होत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला खरं कशाला सांगा?) "आणि हा वास येतोय तुम्हाला? स्पिरिटचा? मला येतोय. माझ्याच हातांना असेल म्हणा, इस्पितळातला."

साहेबांना आता कशाचाच मेळ लागेना. बाईंना बरं वाटत नसेल तर करार लांबणार. करार लांबला तर बायको चिडणार. फ्रिजचा आवाज फ्रिजकडून यावा तर तो सोफ्याकडून येत होता. ते असे गोंधळून इकडेतिकडे बघत असताना त्यांची नजर वडिलांवर गेली.

वडील शांतपणे पेपर वाचत होते. वाचता वाचता त्यांनी दोन्ही पाय जमिनीपासून वर उचलले. खुर्चीखालून फुक फुक असा आवाज गेला. त्यांनी पाय खाली ठेवले आणि पान उलटलं.

साहेब त्या पायांकडे बघतच राहिले. वाती सैल केल्यावर इंजिन पहिल्यांदा पळालं तेव्हा त्याने चिमणीतून उकळतं पाणी थुंकलं होतं आणि त्याचा एक थेंब वडिलांच्या घोट्यावर उडाला होता. तेव्हापासून वडील गाडी जाताना पाय उचलायचे. गाडी जाताना. एरवी नाही.

"पेटलं होतं," साहेब पुटपुटले.

"काय पेटलं?" बाई एकदम ताठ झाल्या.

"काही नाही, काही नाही. वाद पेटला होता. ऑफिसात. मागे एकदा."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. मग तिनेही सासऱ्यांच्या वर जाणाऱ्या पायांकडे बघितलं. मग तिने डोळे मिटले आणि बाईंचं मनगट जरा जास्तच घट्ट धरलं.

"आजोबांना काय होतंय?" आता बाईंचंही तिकडे लक्ष गेलं. "पाय का उचलताहेत ते?"

"व्यायाम," बायको म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलाय."

"दर मिनिटाला?"

"वाढवत न्यायला सांगितलाय."

आणि वाढतच होता तो. कारण ह्या इंजिनामागे डबे जोडलेले असले तर ते माणसासारखं चालतं. मोकळं सोडलं की उधळतं. आणि लांबून थांबवायची सोय नाही. एकदा सुटलं की पाणी किंवा स्पिरिट संपेपर्यंत ते कुणाचं ऐकत नाही. वडील बिचारे पाय खाली टेकतायत न टेकतायत तोच पुन्हा वर. त्यांच्या हातातला पेपर हलू लागला.

"बाबा, बरं वाटतंय ना?" बायकोने तोंडदेखलं विचारलं.

वडिलांनी पेपराच्या वरून मुलाकडे बघितलं. काहीही झालं तरी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. "मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मी सांगितल्याप्रमाणे वागतोय."

मागच्या खोलीचं दार लावून टाकावं, असं साहेबांच्या मनात आलं. पण लगेच त्यांच्यातला आगीच्या खात्याचा माणूस जागा झाला. इंजिन दारावर आपटणार, उलटणार, जळतं स्पिरिट लाकडी दाराखाली सांडणार. अशी प्रकरणं त्यांनी डोळे झाकून नामंजूर केली होती. शेरासुद्धा तयार होता. घरातल्या माणसाचा निव्वळ निष्काळजीपणा. नाही, इंजिन हातानेच पकडायला हवं होतं.

"मी आलोच," म्हणून ते उठले. स्वयंपाकघरातून गरम भांडी उतरवायचा जाड हातमोजा घेतला आणि मागच्या खोलीत धावले. आत शिरतायत तोच इंजिनाचं ढुंगण बोगद्यात दिसेनासं होत होतं. साहेबांनी धाडकन पोटावर लोटांगण घातलं, मोज्याचा हात खांद्यापर्यंत बोगद्यात सारला, चाचपलं, आणि पकडलं!

पकडलं खरं, पण ते इंजिनासारखं लागेना. मोजा जाड, त्यामुळे नीट कळत नव्हतं. पण हे जरा मऊ होतं. आणि हिसके देत होतं.

भिंतीपलीकडे बाईंनी अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकू लागलं.

"पाय! माझा पाय धरलाय कुणीतरी!"

"कुणी नाही हो काकू, पायात गोळा आला असेल—"

"गोळ्याला बोटं असतात का?"

बायकोने सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात पेपरावर होते आणि दोन्ही पाय हवेत. "मी नाही," ते म्हणाले.

इकडे साहेबांना भिंतीतून नुसता कल्लोळ ऐकू येत होता. आवाज वाढतोय म्हणजे इंजिन रुळावरून सुटायला बघतंय, असं समजून त्यांनी पकड आणखी आवळली आणि सगळा जोर लावून ओढलं. तिकडे बाई सोफ्यावरून निम्म्या खाली आल्या.

आता तुम्ही म्हणाल, मग इंजिन कुठे होतं? इंजिन आपलं काम करत होतं. सोफ्याखालून, खुर्चीखालून, पॅसेजमधून, एकटंच सुसाट निघालेलं ते पूर्ण फेरा मारून मागच्या खोलीत शिरलं. तिथे रुळावर साहेबांचे पाय पसरलेले होते. त्यांच्या उजव्या तळव्याला ते येऊन असं धडकलं की साहेबांनी "आई गं!" म्हणून हंबरडा फोडला. भिंतीच्या अलीकडे साहेब, पलीकडे बाई, दोघंही एका वेळी, एकाच कारणाने आणि एकमेकांबद्दल काहीही माहिती नसताना ओरडत होते.

इंजिन कलंडलं. स्पिरिट सांडलं, ते नेमकं साहेबांच्या पँटवर. बायको धावत आली तेव्हा नवरा पालथा पडला होता, एक हात भिंतीत गेलेला, आणि तो जिवाच्या आकांताने विचारत होता, "पेटलंय का गं? माझी पँट पेटलीय का बघ!"

बायकोने वाकून बघितलं. खिडकीतून ऊन थेट पँटवर. "दिसत नाही काही!"

"दिसत नाही म्हणजे पेटलीय की नाही पेटलीय?"

तिने उत्तर देण्यात वेळ घालवला नाही. न्हाणीघरातली भरलेली बादली उचलली आणि सगळीच्या सगळी त्यांच्यावर उपडी केली. इंजिन चर्रर्र करून विझलं. पँटही विझली असावी; कारण नंतर तिला मागे चांगलं मुठीएवढं भोक सापडलं. उरलेलं पाणी बोगद्यातून पलीकडे गेलं, आणि तिकडून बाईंची दुसरी किंकाळी आली. पहिलीपेक्षा बारीक.

आणि मग त्या स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या. अनवाणी, पावलं ओलीचिंब. त्यांनी पाण्यात पडलेल्या साहेबांकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्याकडे बघितलं, जिथे साहेब संपत होते आणि भिंत सुरू होत होती.

"हात काढा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी हात काढला. कमान उघडी पडली. बायकोच्या हातातली रिकामी बादली खाली ठेवली गेली, त्याचा तेवढा आवाज झाला. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती आता मनातल्या मनात खोकी मोजतेय, हे साहेबांना कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या इंजिनाचा राग आला. (मग लगेच स्वतःचा आला. तोच जास्त योग्य होता.)

"काकू," बायको म्हणाली, "चूक आमची आहे. भिंत आम्ही दुरुस्त करून देऊ. पण घर…"

बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या खाली वाकल्या होत्या. कमानीच्या कडेला त्यांनी बोट लावलं. वाळूची बारीक धार लागली. त्यांनी आणखी जरा उकरलं. आतून विटेचा चुरा निघाला, मग एक फुटका कपाचा कान, मग सुतळीचं भेंडोळं, आणि मग नुसती पोकळी.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"भिंत," साहेब पाण्यातून म्हणाले.

"ही भिंत? ह्याला भिंत म्हणतात? दोन्हीकडून विटेची एक पातळ थप्पी आणि मध्ये कचरा?" त्यांचा आवाज चढू लागला. "भरीव म्हणाला होता मेला! तोफ लावली तरी हलणार नाही म्हणाला होता! तुम्ही कशाने पाडलंत हे?"

"छिन्नीने. तशी… लहानशीच होती."

"लहानशा छिन्नीने!" बाईंनी पिशवीतून फोन काढला आणि भावाला लावला. पुढचं बोलणं एकतर्फीच झालं, पण काय झालं! लहानपणी त्याने खाल्लेल्या साखरेच्या डब्यापासून सगळं बाहेर निघालं. वडील पॅसेजमध्ये येऊन मन लावून ऐकत होते. इतकं करमणुकीचं पेपरात काही नव्हतं.

फोन ठेवल्यावर बाई शांत झाल्या. बायकोने त्यांना टॉवेल दिला, घोटा तपासला, पट्टी बांधली, गरम चहा हातात दिला. बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"किती पटकन बादली उचललीस गं," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणी असती तर आधी किंचाळली असती. माझी भिंत गेली ती गेली, पण घर तू वाचवलंस. घर तुलाच. करार तुझ्या नावाने करू." मग त्या ओल्या साहेबांकडे वळल्या. "आणि ह्यांचं मी बघते."

भिंत भावाने स्वखर्चाने, मान खाली घालून, ह्या वेळी खरोखर भरीव बांधून दिली. करार तयार होऊन आला. बाकी सगळं होतं तसंच. एक कलम तेवढं बाईंनी स्वतः सांगून घातलं होतं. पत्नी घरात नसताना पतीने घरात थांबू नये.

"अहो, पण हे कसं?" साहेब म्हणाले. "मी माणूस आहे! आणि इंजिनाचं काय? त्याच्याबद्दल एक अक्षर नाही!"

"इंजिन राहू दे की," बाई म्हणाल्या. "ते बिचारं काय करणार? ते कधी आपणहून पेटलंय का?"

बायकोने सही केली. साक्षीदार म्हणून वडिलांनी केली. न वाचता नाही हं. चांगली दोनदा वाचून.

तेव्हा हल्ली बायकोची संध्याकाळची ड्यूटी असली की ड्रायव्हरसाहेब ऑफिसातून येऊन जिन्यात बसतात. इंजिन आत काचेच्या कपाटात, घासूनपुसून, दिमाखात उभं आहे. परवा त्यांना अगदीच राहवेना. त्यांनी दारावर हळूच टकटक केलं.

"बाबा, मी आत येत नाही. निदान ते इंजिन तरी जरा वेळ बाहेर द्या."

"करारात बाहेर थांबायला तुला सांगितलंय," वडील आतून म्हणाले. "इंजिनाला नाही." आणि त्यांनी कडी लावून घेतली.